बाबांनी कानातले बोळे खुंटीला का लावून ठेवले

आमचे बाबा मालवणच्या बाजूला एका बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर होते, ३१ वर्षं. बर्फाची फॅक्टरी बाहेरून बघाल तर पत्र्याची शेड, वरच्या कंडेन्सरवरून सतत पाणी ठिबकतंय, आणि आत अमोनियाचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडतोय. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत तेवढा थोडा आराम, बाकी वर्षभर बोटींना बर्फ लागतो म्हणजे कॉम्प्रेसर चालूच. बाबांची ड्युटी १२ तासांची. घरी आले की टीव्ही मोठ्याने लावायचे आणि आई ओरडायची, आम्हाला वाटायचं त्यांची सवय आहे.

मी पुढे कानाचंच शिकले, ऑडिओलॉजिस्ट झाले आणि कुडाळात एका कानाच्या डॉक्टरांकडे बसायला लागले. पहिल्या पगारात काय घेतलं असेल तर बाबांसाठी फोमच्या इअरप्लगचा २०० जोड्यांचा खोका. पिवळे, मऊ, पाकिटावर मोठा आकडा छापलेला. कसे वळायचे, कान कसा ओढायचा, किती वेळ दाबून धरायचं, सगळं दाखवलं. दोन महिन्यांनी डबा द्यायला फॅक्टरीत गेले तर खोका जवळजवळ भरलेलाच, आणि एक जोड दोऱ्याला बांधून कॅलेंडरच्या खुंटीला लावलेला. मी चिडले. ३१ वर्षांत कान गेलाय तरी ऐकत नाहीत म्हणून मोठ्याने बोलले, चारचौघांत. बाबा शांतपणे म्हणाले, "गो, ह्यां घातल्यावर कॉम्प्रेसर ठोकता काय नाय तां माका कळणा नाय. मगे मशीन फुटली तर मालक तुका इचारतलो?"

त्या वाक्याने माझं सगळं कामच बदललं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ठोकणं म्हणजे काय ते आधी सांगते. कॉम्प्रेसरमध्ये परत यायला पाहिजे अमोनियाचा वायू. पण कधी लोड कमी-जास्त झाला, व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला की वायूबरोबर पातळ अमोनियाच परत येतो, आणि वायू दाबला जातो तसं पातळ काही दाबलं जात नाही. मग सिलिंडरमध्ये दणका बसतो. आधी सक्शनच्या, म्हणजे वायू आत घेणाऱ्या पाइपवरचा बर्फ सरकत सरकत पार हेडपर्यंत येतो, आवाज जड होतो, मग टक टक टक असा धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज सुरू होतो. ऑपरेटरने तेवढ्यात धावत जाऊन सक्शन व्हॉल्व्ह बारीक करायचा. नाही केला तर व्हॉल्व्हच्या प्लेटा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाईटात वाईट म्हणजे अमोनिया बाहेर. म्हणजे बाबांचे कान हे त्या फॅक्टरीतलं सेफ्टीचं मशीन होतं आणि मी ते बोळे घालून बंद करायला निघाले होते. त्यांनी काढून ठेवले ते बरोबरच होतं, त्यांच्या जागी मीही काढले असते.

आता आवाजाचा हिशोब. त्या शेडमध्ये मी मीटर लावला तर कॉम्प्रेसरजवळ ९४ च्या आसपास डेसिबल. नायॉश म्हणजे अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याची सरकारी संस्था, तिचा हिशोब असा की ८ तास ऐकायचं असेल तर ८५ डेसिबल ही हद्द, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास. बाबा त्यात १२ तास. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ८ तासांना ९० ही मर्यादा धरतात आणि ११५ च्या वर तर कोणी उघड्या कानाने जायचंच नाही, म्हणजे तो हिशोब ढिला आहे, पण त्यातही बाबा बसत नव्हते. डेसिबलचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही कारण ९१ आणि ९४ हे आकडे दिसायला जवळ आहेत, पण ३ वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट झालेली असते आणि १० वाढले की दहापट. मीटर नसेल तर साधी खूण, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर ती जागा ८५ च्या वर आहे असं धरून चालायचं.

बाबांचा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, मी काढला तेव्हा पाठ्यपुस्तकातली आकृती समोर आली. खालच्या पट्टीत ठीक, आणि ४००० हर्ट्झला रेषा विहिरीत पडल्यासारखी खाली. आवाजाने गेलेला कान असाच दिसतो, कारण आपल्या कानाची नळीच अशी आहे की ३००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती मोठे करून आत पाठवते आणि मार त्याच्या जरा वरच्या पट्टीला बसतो. आत शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत केसासारख्या पेशी असतात, एका कानात साधारण १५-१६ हजार, त्या एकदा मेल्या की माणसाला परत येत नाहीत. त्यामुळे बाबांना आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. स, श, थ, फ ही अक्षरं वरच्या पट्टीतली. आई "सात वाजले" म्हणाली की त्यांना "हात" ऐकू येतं, "भात" ऐकू येतं, मग ते जेवायला बसतात. आणि पावसाळ्यात घराच्या मागे रातकिडे एवढे ओरडतात की पाहुण्यांना झोप लागत नाही, ते बाबांना कित्येक वर्षं ऐकूच येत नाहीत हे आम्हाला टेस्टनंतर कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं. "किडेच कमी झाले" असं त्यांना वाटत होतं.

तर मूळ मुद्दा. कानाचं संरक्षण म्हटलं की सगळे विचारतात किती डेसिबल कमी करतं. पाकिटावर एनआरआर नावाचा आकडा असतो, फोमच्या चांगल्या प्लगचा ३३ पर्यंत. हा आकडा प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसाने, नीट घातल्यावर मिळालेला. प्रत्यक्ष कामावर तेवढा मिळत नाही म्हणून नायॉशनेच १९९८ मध्ये सांगितलं होतं की फोमच्या प्लगचा आकडा निम्मा धरा, आणि कानावरच्या मफचा, म्हणजे हेडफोनसारख्या वाट्यांचा, पाऊण. पण त्याहून मोठा घोटाळा काढण्या-घालण्यात आहे. समजा प्लग खरंच ३० डेसिबल कमी करतोय, आणि माणसाने ८ तासांत फक्त अर्धा तास तो काढला, फोन घ्यायला, मुकादमाशी बोलायला, ठोको ऐकायला. तर दिवसाअखेर त्याला मिळालेलं संरक्षण ३० नाही, १२. कारण ३० म्हणजे हजारातला एक भाग आवाज आत गेला, आणि त्या अर्ध्या तासात मात्र पूर्णच्या पूर्ण. १६ भागातला एक भाग उघड्यावर, त्यापुढे बाकीचा हिशोब किरकोळ. म्हणजे ३० वाला काढून घातला तर १२, आणि १५ वाला दिवसभर कानात राहिला तर १५ चे १५. बाबांचं बरोबर आणि खोक्यावरचा आकडा चूक हे मला इथे आकड्यात दिसलं.

साधा फोम आणखी एक गोष्ट करतो. तो जाड आवाज कमी अडवतो आणि बारीक आवाज जास्त अडवतो, स्पीकरवर उशी ठेवल्यावर कसं होतं तसं. मोटरची घरघर येत राहते आणि टक टक नाहीसं होतं. त्यात बाबांचा कान आधीच बारीक आवाजाला गेलेला, म्हणजे दोन्हीकडून मार. ज्यांचा कान थोडा गेलाय त्यांना जाडजूड प्लग द्यायचा हा सगळीकडे होणारा प्रकार आहे, भावना चांगली असते पण त्यांना मग काहीच ऐकू येत नाही आणि ते लोक सगळ्यात आधी काढून टाकतात. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे की प्लग घातल्यावर कानापर्यंत ७५ ते ८० डेसिबल पोचला तर उत्तम, ७० च्या खाली गेला तर ते जास्तीचं संरक्षण आणि तोही दोषच. ९४ मधून १५ गेले तर ७९. बाबांना लागत होते १५, मी दिले होते त्याच्या दुप्पट.

हे असे सगळ्या पट्ट्यांत सारखा आवाज कमी करणारे प्लग नवीन नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च कंपनीने संगीतकारांसाठी असे १५ डेसिबलचे प्लग आणले. त्यात कानाच्या मापाचा साचा आणि मध्ये एक छोटा फिल्टर, आणि फिल्टरची रचना अशी की कानाची नळी बंद झाल्यावर जी ३००० हर्ट्झची नैसर्गिक वाढ जाते ती भरून काढायची. त्यामुळे आवाज तसाच राहतो, फक्त लांब गेल्यासारखा. मी ठरवलं की व्हायोलिनवाल्याला जे मिळतं ते बर्फवाल्याला का नाही, आणि फिल्टर विकत आणून सिलिकॉनचे साचे स्वतः बनवायला लागले.

साचा घ्यायचा म्हणजे आधी कानात टॉर्चने बघायचं, मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यायचा. मग दोरा बांधलेला फोमचा छोटा गोळा नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढे सरकवायचा, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जाणार नाही. मग दोन डब्यांतलं सिलिकॉन कणकेसारखं मळून सिरिंजने भरायचं आणि पाचेक मिनिटं थांबायचं. बाबांचा पहिला साचा सुरेख आला. फिल्टर बसवला, दिला, आणि आठवड्याने ते म्हणाले उजवा सारखा बाहेर येतो. मी साचा तपासला, काही खोट नाही. परत घेतला, परत तेच. शेवटी मी एक दुपार फॅक्टरीत नुसती बसून राहिले त्यांच्याकडे बघत. बाबा पान खातात. दिवसभर जबडा चालू. कानाच्या नळीची पुढची भिंत जबड्याच्या सांध्याला चिकटून असते, चावलं की नळीचा आकार बदलतो, आणि मी साचा घेतला होता तोंड मिटून गप्प बसवून. मग तिसऱ्या वेळी त्यांना पान लावून दिलं आणि म्हटलं खात राहा. सिलिकॉन सेट होईपर्यंत ते चघळत राहिले, तो साचा बसला. आता मी प्रत्येकाला आधी विचारते की कामावर तंबाखू, पान, च्युइंगगम काय असतं, आणि जसं काम करतात तसंच साच्याच्या वेळी करायला लावते.

प्लग घातल्यावर पहिल्या दिवशी सगळे एकच तक्रार करतात, स्वतःचा आवाज घुमतो, माठात तोंड घालून बोलल्यासारखा. कारण बोलताना हाडातून जो आवाज नळीत येतो तो एरवी बाहेर पडून जातो, आता अडकतो. प्लग जेवढा वरवर तेवढं घुमणं जास्त. आत खोलवर, नळीच्या हाडाच्या भागापर्यंत नेला की ते बरंच कमी होतं, पण खोल नेला की दुखण्याची भीती. हे आतबाहेर करत करत मधली जागा शोधणं यातच माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, प्रत्येक कानाला वेगळा.

आणि आपलं हवामान. या विषयावर जे छापून येतं त्यात थंड देशातल्या फॅक्टऱ्या असतात, तिथे कोणाला बुरशीची चिंता नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कानात बुरशी झालेले पेशंट ओळीने येतात, कानात ओल्या वर्तमानपत्रासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके. त्यात कोकणात कान खाजला की कोमट खोबरेल घालायची पद्धत, आधीच ओल आणि त्यावर तेल. अशा कानात दिवसभर बंद प्लग म्हणजे बुरशीला घर बांधून दिलं. म्हणून मी देताना तीन गोष्टी बजावते, तेल घातलेल्या कानात प्लग नाही (शिवाय तो सरकतोही), रोज साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण कोरडा करायचा, फिल्टर मात्र काढून, आणि ठेवायचा भोकं पाडलेल्या डबीत, शर्टाच्या खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर नाही. फोमचे प्लग मात्र धुवायचे नाहीत, ते मळले की टाकायचे. हे सांगायला सोपं आहे पण महिन्याला किती खोके लागतील याचा हिशोब मालकाला ऐकवला की तो गप्प होतो.

चिरेखाणीवर गेले तेव्हा फोमचा आणखी एक दोष कळला. चिरे कापायच्या मशीनचं गोल पातं जांभ्यात शिरतं तेव्हा जो किंचाळल्यासारखा आवाज येतो तो मीटरवर १०० पार करतो, म्हणजे नायॉशच्या हिशोबाने तिथे उघड्या कानाने जेमतेम १५ मिनिटं. तिथे बरेचसे कामगार कर्नाटकातून आलेले, मराठी कमी, मी हातवारे करून शिकवत होते. पण फोम आधी बोटांनी वळून बारीक करायचा असतो आणि त्यांची बोटं नखापासून मनगटापर्यंत लाल. तो पिवळा बोळा वळला की विटेच्या रंगाचा झाला, आणि तोच कानात. मी स्वतःच थांबवलं ते. तिथे दांडीचे प्लग बरे, तीन छत्र्या एकावर एक असतात तसे, दांडीला धरून नुसते ढकलायचे, वळायचं काही नाही, आणि मागे दोरी म्हणजे पडले तरी मातीत जात नाहीत. मफ देऊन बघितले होते. किंचाळणारा आवाज मफ छान अडवतो, पण एप्रिलच्या उन्हात उघड्या खाणीत मफच्या आत घामाचं तळं होतं, गादी कडक होते, आणि ज्याला चष्मा किंवा गॉगल आहे त्याच्या दांडीने गादीला फट पडते. फट म्हणजे दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं.

बायकांचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. मासळी प्रोसेसिंगमध्ये, काजूच्या कारखान्यात बहुतेक हात बायकांचे. एकाच मापाचा फोम सगळ्यांना वाटतात, आणि बऱ्याच बायकांच्या कानाची नळी बारीक, त्यांना तो दुखतो. मफ लावायचा तर कानात कुड्या, डोक्याला केसांची टोपी, दोन्हीने फट पडते किंवा कुडी मानेत रुतते. एका ताईंनी मला कान दाखवला तर आतून सोललेला. त्या दोन महिने तो प्लग घालत होत्या कारण सुपरवायझर बघायचा. तक्रार केली नाही, "सगळ्यांकच दुखत असतला" म्हणाल्या. त्यांना नुसतं छोट्या मापाचं पाकीट हवं होतं, ते बाजारात मिळतं, महागही नाही.

आता हॉस्पिटलकडे येते, कारण तिथे आवाज असतो हेच लोकांना खरं वाटत नाही.

माझं कंबरेचं दुखणं निघालं तेव्हा घाटावरच्या एका शहरात एमआरआय करायला गेले. नाव घेत नाही. माझ्या आधी एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्यांच्या हातात तिथे कामाला असलेल्या मुलाने दोन फोमचे तुकडे ठेवले आणि म्हणाला कानात घाला. मावशींनी ते न वळता कानाच्या तोंडाशी चिकटवले, बाहेर फुलासारखे दिसत होते. मी उठून जाऊन नीट घालून दिले तर तो मुलगा म्हणाला मॅडम वेळ होतोय. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, मधल्या एका फेरीत वाटलं डोकं फुटतंय, तरी दाबून धरलं. मी न उठते तर काय झालं असतं.

एमआरआयचा आवाज हा मशीनचा दोष नाही, तो तिच्या कामातच आहे. मोठ्या चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात, त्यांतला करंट क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, आणि चुंबकीय क्षेत्रात करंटवाल्या तारेवर जोर बसतो. स्पीकरचा पडदा ज्या कारणाने हलतो त्याच कारणाने ही मणभर वजनाची वेटोळी थरथरतात. काही प्रकारच्या स्कॅनमध्ये ११० च्याही वर जातो आवाज. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की ९९ डेसिबलच्या वर जाणार असेल तर पेशंटच्या कानाला संरक्षण द्यायलाच हवं. मग अडचणी बघा. धातू चालत नाही, म्हणून साधे हेडफोन नाहीत, हवेच्या नळीतून आवाज पोचवणारे हेडफोन लागतात. मेंदूचा स्कॅन असेल तर डोक्याभोवती जी कॉइल बसते तिच्यात मफ मावतच नाही, म्हणजे भिस्त सगळी प्लगवर. पेशंटला बाहेरच्या माणसाचं "श्वास रोखा" ऐकू यायला हवं. आणि अख्खा माणूसच त्या थरथरणाऱ्या मशीनमध्ये झोपलेला, त्यामुळे कितीही बंद केलं तरी ४०-५० डेसिबलनंतर हाडातून आवाज जातोच. प्लग ३० आणि मफ २५ मिळून ५५ होत नाहीत, मोठ्या आकड्यात पाचेक मिळवायचे, बस. तान्ह्या बाळाच्या नळीत तर काही खुपसताच येत नाही, त्यांच्यासाठी कानावर बाहेरून चिकटवायची मऊ झाकणं मिळतात. पण सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे त्या मुलाने एक मिनिट देणं. बारीक वळा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा, वीस-तीस सेकंद दाबून धरा, मग दोन्ही हात कानांवर वाटीसारखे ठेवून बघा. हाताने आवाज अजून कमी होत असेल तर बसला नाही, पुन्हा घाला.

एक गोष्ट आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवायची. मासळी प्रोसेसिंगमध्ये निळे प्लग देतात, त्यात धातूचा कण असतो, म्हणजे चुकून मालात पडला तर डिटेक्टरमध्ये सापडतो. फार हुशारीने केलेली वस्तू आहे. पण तोच प्लग कोणी सवयीने घालून एमआरआयला गेलं तर धोका. एका जागी जो गुण तोच दुसऱ्या जागी दोष, म्हणून प्रोसेसिंगमधलं कोणी एमआरआयला निघालं की मी आवर्जून सांगते, स्वतःचे प्लग घरी ठेवा आणि खिसे तपासा.

ऑपरेशन थिएटरचं वेगळंच. माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे, गुडघ्याच्या ऑपरेशनला करवत, ड्रिल, हातोडा आणि सक्शनची सततची सूं सूं, संध्याकाळी तिचे कान गुंगायचे. दिवसाची सरासरी काढली तर असल्या ठिकाणी बऱ्याचदा ८५ च्या खालीच येते, त्यामुळे कान जाईलच असं मी तिला सांगितलं नाही, सांगणं खोटं झालं असतं. पण करवत चालू असते तेवढी मिनिटं त्रास खरा आहे. तिला मी फोम देऊ का विचारलं तर ती घाबरलीच. पल्स ऑक्सिमीटरचा बीप असतो ना, रक्तातला ऑक्सिजन कमी व्हायला लागला की त्याचा सूर खाली उतरतो. स्क्रीनकडे न बघता, हातात दुसरं काम असताना, तिला सुरावरून कळतं पेशंटचं काय चाललंय. आकडा वाचण्याआधी कानाला कळतं. ती हे सांगत होती आणि मला बाबा दिसत होते, पाठमोरे, डब्यातला बर्फ काढताना, लक्ष कॉम्प्रेसरच्या टक टककडे. शिकलेली डॉक्टर आणि सातवी पास ऑपरेटर, दोघांचं म्हणणं तेच. तिला ९ डेसिबलचे फिल्टर दिले, आधी माझ्या बूथमध्ये, म्हणजे टेस्टच्या आवाजबंद खोलीत बसवून बीप वाजवून खात्री केली की सूर उतरलेला तिला कळतोय. मगच थिएटरमध्ये.

म्हणून आता माझ्याकडे कोणी आलं की मी आवाज किती हे नंतर विचारते. पहिला प्रश्न, कामावर तुम्हाला काय ऐकू यायलाच हवं? लोक जरा गोंधळतात आणि मग बोलायला लागतात. भातगिरणीवाला म्हणाला पट्टा सुटायच्या आधी फडफडतो ते. लाकडाच्या मिलवाला म्हणाला ब्लेडला खिळा लागला तर. बोटीवरचा इंजिन बघणारा म्हणाला वरून तांडेलाची हाक. हे लिहून घेते, त्यावरून फिल्टर ठरवते, आणि मग बूथमध्ये प्लगशिवाय एकदा आणि प्लग घालून एकदा टेस्ट घेते, म्हणजे या माणसाच्या या कानात खरोखर किती कमी झालं ते कळतं. पाकिटावरचा आकडा माझ्या कामाचा नाही.

आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने कळवायलाच हवा असा रोग आहे, दगडाच्या धुळीने फुप्फुसं जातात त्या सिलिकोसिससारखाच. पण त्यात रक्त येत नाही, दुखत नाही, माणूस मरत नाही, म्हणून कोणी कळवत नाही. आणि बाबांसारख्याला तो कायदा माहीतही नसतो. मला याचा राग येतो आणि तो राग मी धरून ठेवणार आहे.

बाबा रिटायर झाले. त्यांच्या जागी एक २४ वर्षांचा पोरगा आलाय, त्याचा ऑडिओग्राम अजून सरळ रेषेत आहे. त्याला १५ चे प्लग दिले तेव्हा बाबाच त्याच्याबरोबर शेडमध्ये जाऊन उभे राहिले, सक्शनच्या पाइपवर तळहात ठेवून, कारण त्यांना ठोको आता हातालाच कळतो. त्यांनी व्हॉल्व्ह जरासा उघडला, बर्फ हेडकडे सरकायला लागला, आणि बाबांनी हात उचलायच्या आधी पोराने मान वळवली. लगेच व्हॉल्व्ह बारीक केला त्याने. "ताई, मशीन पण आयकाक येता, तुमी पण." बाबा काही बोलले नाहीत, खुंटीवरचा तो जुना पिवळा जोड काढून त्यांनी खिशात टाकला.

आता राहिलेत जेटीवरचे क्रशरवाले. लादी फोडून बोटीत चुरा सोडतात तिथे आवाज कॉम्प्रेसरपेक्षा जास्त, पण थोडा थोडा वेळ, आणि खाली बोटीतल्या खलाशाची "पुरे" ही हाक ऐकू आली नाही तर बर्फ त्याच्या अंगावर. तिथे १५ पुरत नाहीत, २५ ला हाक बुडते. सहा जण आहेत, पहाटे चारला काम सुरू होतं, म्हणून मंगळवारी सिलिकॉन, टॉर्च आणि पानाचा डबा घेऊन साडेतीनला जेटीवर जायचंय. बाबा येतो म्हणालेत.